प्रसूती कक्षात नवजात बाळाची जन्मजात व्यंगांसाठीची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने प्रसूतिगृहात काम करणाऱ्या अधिपरिचारिका, आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी लिहिली आहेत. काही प्रश्न आईवडिलांकडून येतात. ते कर्मचाऱ्यांनाच झेलावे लागतात, म्हणून त्यांचाही येथे समावेश केला आहे.

ही तपासणी कोणत्या कार्यक्रमाखाली होते आणि त्यात नेमके काय शोधायचे असते?

सरकारी व्यवस्थेत ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहे. या कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, आजार, जीवनसत्त्वे व पोषणाच्या कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार गटांत मिळून तीसहून अधिक स्थितींचा शोध घेणे, हे त्याचे काम आहे. त्यांपैकी पहिल्या गटात ९ स्थिती येतात: मज्जानलिकेचे (गर्भात जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू बनतात त्या नळीचे) दोष, डाऊन सिंड्रोम, दुभंगलेला ओठ व टाळू, वाकडे पाऊल, खुब्याच्या सांध्याचा विकासदोष, जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात बहिरेपणा, जन्मजात हृदयदोष आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांतील पडद्याचा विकार.

या ९ स्थितींची यादी ही किमान यादी आहे. गुदद्वार नसणे, अन्ननलिका बंद असणे किंवा लघवीचे छिद्र भलत्या जागी असणे यांचा तिच्यात स्वतंत्र उल्लेख नाही. पण प्रसूती कक्षात ते दिसले आणि यादीत नाही म्हणून नोंदवले नाही, असे होता कामा नये. जन्मतः लक्षात येणारी मोठी व्यंगे साधारणपणे दर १०० बाळांमागे २ ते ३ बाळांत आढळतात. याचा अर्थ महिन्याला ५० प्रसूती होणाऱ्या रुग्णालयाच्या नोंदवहीत वर्षभर एकही व्यंग नोंदवलेले नसेल, तर तेथे व्यंगे नाहीत असे समजण्यापेक्षा तेथे ती पाहिली जात नाहीत असे समजणे अधिक योग्य ठरेल.

डॉक्टर उपलब्ध नसतील तर परिचारिकेने तपासणी करावी का?

अवश्य करावी. प्रसूती जेथे होते तेथे हजर असलेल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याने, मग तो वैद्यकीय अधिकारी असो, अधिपरिचारिका असो वा आरोग्यसेविका असो, बाळ पाहणे अपेक्षित आहे. परिचारिकेने निदान करायचे नसते. ‘पाठीवर कमरेच्या वर मध्यभागी दोन सेंटिमीटरची मऊ गाठ, वर त्वचा नाही’ असे जे दिसले ते लिहायचे आणि त्या गाठीचे नाव काय, हे बालरोगतज्ज्ञांवर सोडायचे. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा बरोबर वर्णन लिहिणे कितीतरी उपयोगाचे असते.

तपासणी केव्हा करावी?

तीन वेळा करावी. पहिली नजर जन्मानंतर लगेच, बाळ कोरडे करताना टाकावी. तिला मिनिटभर पुरते आणि तिचा हेतू तातडीची व्यंगे हेरणे एवढाच असतो. बाळ रडत असेल व श्वास नीट घेत असेल, तर तपासणीसाठी त्याला आईच्या छातीवरून उचलू नये. पहिला तास स्पर्शाचा आणि स्तनपानाचा आहे. सविस्तर तपासणी पहिल्या २४ तासांत, चांगल्या उजेडात, वॉर्मरखाली, बाळ पूर्ण उघडे करून आणि आईसमोर करावी. तिसरी तपासणी घरी सोडताना करावी, कारण हृदयाचे आणि डोळ्यांचे काही दोष पहिल्या दिवशी लपून राहतात.

त्यानंतरची जबाबदारी आशा स्वयंसेविकेकडे जाते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. प्रसूती कक्षातून तिला ‘या बाळाचे हे पाहा’ असा निरोप गेला, तर त्या भेटींना अर्थ येतो. तो गेला नाही, तर ती फक्त वजन करून परत येते.

‘डोक्यापासून पायापर्यंत’ असे सगळेच सांगतात. प्रत्यक्षात क्रम कसा ठेवावा?

क्रम कोणताही ठेवला तरी चालेल, मात्र तो दररोज तोच असावा. थकलेल्या माणसाकडून सवयीचा क्रम सुटत नाही. येथे वरून खाली जाणारा एक क्रम दिला आहे.

हात धुऊन, गरम करून सुरुवात करावी. बाळ शांत असताना आधी फक्त पाहावे: रंग, श्वास, चारही हातपायांची हालचाल, चेहऱ्याची ठेवण. नंतर डोक्याचा घेर मोजावा. पूर्ण दिवसांच्या बाळात तो बहुधा ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. प्रसूतीत डोके दबलेले किंवा सुजलेले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. टाळू फुगलेली आहे का, डोक्याच्या मागे पिशवीसारखी गाठ आहे का, हे जावळाखाली बोट फिरवून पाहावे, कारण दाट केसांत लहान गाठ सहज लपते.

डोळे बळजबरीने उघडू नयेत. बाळाला उभे धरून हलकेच पुढेमागे केले की ते बहुधा स्वतःच डोळे उघडते. अंधाऱ्या खोलीत ऑफ्थाल्मोस्कोपचा प्रकाश टाकल्यावर दोन्ही बाहुल्यांतून सारखी लालसर चमक दिसली पाहिजे. एका डोळ्यात ती नसेल, मंद असेल किंवा पांढरी असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. जन्मजात मोतीबिंदूत ही घाई महत्त्वाची असते, कारण पहिल्या दोन महिन्यांत पडद्यावर स्पष्ट प्रतिमा पडली नाही तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही. मोतीबिंदू नंतर काढला तरी दृष्टी अपुरी राहते.

कानांचा आकार, कानाचे छिद्र आणि कानापुढचे खड्डे पाहून तोंडाकडे यावे. त्यानंतर मान, छाती, स्तनाग्रांमधील अंतर आणि हृदयाचे ठोके पाहावेत. नाळ कापल्यावर तिच्या टोकात तीन रक्तवाहिन्या दिसायला हव्यात, दोन रोहिण्या आणि एक नीला. दोनच दिसल्या तर इतर अवयव, विशेषतः मूत्रपिंडे, अधिक बारकाईने तपासून घ्यावीत. पोट फुगलेले आहे की खोलगट, हे पाहावे. जांघेतील नाडी दोन्ही बाजूंना लागते का, हेही पाहावे. ही पायरी वगळली जाण्याचे प्रमाण फार आहे, आणि महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, अरुंद असल्याचा सुगावा अनेकदा फक्त येथेच मिळतो.

मुलगा असेल तर दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत का आणि लघवीचे छिद्र टोकावरच आहे का, हे पाहावे. छिद्र खालच्या बाजूला असेल तर सुंता करू नये, असे कुटुंबाला स्पष्ट सांगावे, कारण पुढील शस्त्रक्रियेत तीच त्वचा वापरली जाते. गुदद्वार डोळ्यांनी पाहावे. ‘शी झाली’ एवढ्यावर समाधान मानू नये, कारण मुलींमध्ये शी योनिमार्गाजवळच्या वेगळ्या छिद्रातूनही येत असते.

मग बाळाला पालथे हातावर घ्यावे आणि मानेपासून माकडहाडापर्यंत कण्यावरून बोट फिरवावे. गाठ, खड्डा, केसांचा झुपका किंवा मध्यरेषेवरचा विचित्र डाग असेल तर नोंद करावी. शेवटी हातापायांची बोटे मोजावीत. खरोखर मोजावीत, कारण मूठ मिटलेली असताना सहावे किंवा जोडलेले बोट दिसत नाही. खुब्याची तपासणी अगदी अखेरीस ठेवावी, कारण तिने बाळ रडते. ऑर्टोलानी आणि बार्लो या चाचण्या प्रशिक्षित हातानेच, जोर न लावता आणि एकदाच कराव्यात. सांधा सरकल्याचा जाणवणारा धक्का महत्त्वाचा असतो, नुसता ‘टक’ असा आवाज सहसा निरुपद्रवी असतो. पायाळू जन्मलेल्या बाळांना, विशेषतः मुलींना, तपासणीत काही आढळले नाही तरी सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करायला सांगावे. पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधण्याची रीत खुब्यासाठी वाईट आहे; उलट बाळ मोठे झाल्यावर त्याला कडेवर घेण्याची आपली पद्धत, पाय फाकलेले राहत असल्याने, खुब्याला पोषकच आहे.

टाळू दुभंगलेली आहे का, हे बोट फिरवून कळत नाही का?

मराठीत डोक्यावरचा मऊ भाग आणि तोंडातील छत या दोन्हींना टाळू म्हणतात, आणि नोंदवहीत ‘टाळू ठीक’ असे लिहिलेले असते तेव्हा यांपैकी कोणती पाहिली हे समजत नाही. म्हणून ‘तोंडातील टाळू, पडजिभेपर्यंत पाहिली’ असेच लिहावे.

बोट फिरवून कठीण टाळूची मोठी फट कळते, पण मागच्या मऊ टाळूची फट निसटते. ओठ व्यवस्थित असताना केवळ मऊ टाळू दुभंगलेले बाळ हेच नेमके चुकवले जाते आणि ‘दूध नाकातून येते, वजन वाढत नाही’ अशा तक्रारीने काही आठवड्यांनी परत येते. जीभ दाबण्याची पट्टी आणि टॉर्च घेऊन, बाळ रडत असताना, पडजीभ दिसेपर्यंत पाहिले पाहिजे. याला दहा सेकंद लागतात.

कोणत्या गोष्टी व्यंग समजू नयेत?

कमरेवर आणि ढुंगणावर असणारे निळसर डाग आपल्याकडील बहुसंख्य बाळांत दिसतात आणि काही वर्षांत फिके पडतात. मुलींच्या योनिमार्गातून पहिल्या आठवड्यात थोडा पांढरा स्राव किंवा रक्ताचा डाग येणे आणि मुलगा असो वा मुलगी, स्तन किंचित सुजणे, हा आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो. ते स्तन पिळू नयेत; अनेक घरांत पिळतात आणि त्यातून गळू होते. नाकावरचे बारीक पांढरे ठिपके, पहिल्या दिवशी निळसर दिसणारे तळहात व तळपाय, हिरड्यांवरचे मोत्यासारखे दाणे हे सारे सामान्य आहे. मात्र जीभ आणि ओठ निळे असणे कधीही सामान्य नसते.

बाळ गुलाबी दिसत असताना पल्स ऑक्सिमीटर कशासाठी लावायचा?

डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८० ते ८५ टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत निळेपणा डोळ्यांना सहसा जाणवत नाही, आणि सावळ्या कातडीवर तर तो अधिकच उशिरा कळतो. जन्मजात हृदयदोष दर हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांत असतो आणि त्यांतील सुमारे चौथा हिस्सा पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतील इतका गंभीर असतो. गर्भात असताना रक्त फुप्फुसांना वळसा घालून ज्या वाहिनीतून जाते, ती जन्मानंतर काही दिवसांत बंद होते. काही हृदयदोषांत बाळ त्याच वाहिनीवर जगत असते. अशा बाळाला दुसऱ्या दिवशी हसतमुखाने घरी पाठवले जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी वाहिनी मिटली की ते कोसळते.

तपासणी जन्मानंतर २४ तास उलटल्यावर, बाळ शांत असताना करावी. एक मोजणी उजव्या हातावर आणि दुसरी कोणत्याही एका पायावर घ्यावी. उजवाच हात, कारण त्याचा रक्तपुरवठा त्या वाहिनीच्या आधी फुटतो. किमान एका जागी ९५ टक्के किंवा अधिक आणि दोन्ही आकड्यांतील फरक ३ किंवा कमी असेल, तर बाळ या चाचणीत उत्तीर्ण समजावे. कोणताही आकडा ९० पेक्षा कमी असेल तर थांबू नये, डॉक्टरांना लगेच बोलवावे. मधला आकडा असेल तर तासाभराने पुन्हा मोजावे. थंड पाय, हलणारे बाळ आणि मोठ्यांची क्लिप वापरणे ही चुकीच्या आकड्यांची नेहमीची कारणे आहेत. नवजात बाळासाठी गुंडाळायचा वेगळा प्रोब मिळतो, तोच वापरावा. उत्तीर्ण झालेल्या बाळाचे हृदय निर्दोष आहे अशी हमी मात्र या चाचणीने मिळत नाही. महारोहिणी अरुंद असण्याचा दोष तिच्यातून सुटू शकतो, म्हणून जांघेच्या नाडीचा आग्रह वर धरला आहे.

श्रवण तपासणीत ‘रेफर’ आले म्हणजे बाळ बहिरे आहे का?

नाही, आणि हे वाक्य आईला अहवाल हातात देण्याआधी सांगितले पाहिजे. ओएई चाचणीत कानात मंद आवाज सोडून अंतर्कर्णातील पेशींचा प्रतिसाद टिपला जातो. पहिल्या दिवशी कानात गर्भजल किंवा चिकट आवरण राहिलेले असते, त्यामुळे अनेक निरोगी बाळेही ‘रेफर’ होतात. २४ ते ४८ तासांनंतर चाचणी केली की हे प्रमाण घटते. पुन्हाही ‘रेफर’ आले तर बेरा चाचणी लागते; तिच्यात आवाजाचा संदेश श्रवणतंतूतून मेंदूकडे जातो का, हे पाहिले जाते. ज्या बाळांना अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले, ज्यांची कावीळ तीव्र होती, त्यांच्यासाठी सुरुवातीपासूनच बेरा हवी, कारण त्यांच्यात दोष श्रवणतंतूमध्ये असू शकतो आणि ओएईला तो दिसत नाही.

जगभर वापरला जाणारा हिशेब १, ३ आणि ६ असा आहे: एका महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व वाचा-प्रशिक्षणाची सुरुवात. घरी ताट वाजवून किंवा टाळी वाजवून केलेली परीक्षा ग्राह्य धरू नये. बाळ हवेचा झोत, कंप किंवा हाताची सावली यांनाही दचकते आणि घरचे निश्चिंत होतात.

टाचेतून रक्त घेण्याची तपासणी सर्व बाळांची होते का?

देशभर सक्तीने आणि सरसकट होत नाही. गोवा सरकारने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत अशी तपासणी सुरू केली होती, आणि केरळमध्ये ‘शलभम’ या कार्यक्रमाखाली दिसणारी व्यंगे, हृदय, श्रवण आणि रक्ततपासणी एकत्र आणली गेली आहे. महाराष्ट्रात अनेक खासगी आणि शिकवणाऱ्या रुग्णालयांत ती उपलब्ध असते.

एकच चाचणी करता येणार असेल तर ती जन्मजात थायरॉइड कमतरतेची असावी, असे आमचे मत आहे. भारतात हा दोष साधारण हजारात एका बाळाला आढळतो. जन्मतः बाळ पूर्ण सामान्य दिसते. उपचार म्हणजे रोजची एक स्वस्त गोळी. आणि ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली नाही तर बुद्धीचे होणारे नुकसान भरून येत नाही. नमुना ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेणे उत्तम. पहिल्या २४ तासांत टीएसएच (या चाचणीत मोजले जाणारे, थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) नैसर्गिकरीत्याच वाढलेले असते, त्यामुळे घाईने घेतलेला नमुना खोटी भीती निर्माण करतो. टाचेच्या मध्यभागी सुई टोचू नये, कडेला टोचावी. गाळणकागदावरील वर्तुळ एकाच थेंबाने भरावे आणि कागद उन्हात न ठेवता सपाट वाळवावा.

सिकलसेलची तपासणी जन्मतःच करता येते का?

करता येते, मात्र नेहमीच्या विद्राव्यता चाचणीने नव्हे. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असल्याने ती चाचणी या वयात विश्वासार्ह नसते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी एचपीएलसीसारखी चाचणी लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत आई वाहक किंवा रुग्ण असल्याची नोंद तिच्या कार्डावर असेल, तर ती बाळाच्या कागदावर उतरवून घेणे हे प्रसूती कक्षाचे काम आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे कधी तपासायचे?

३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांनी पाहिलाच पाहिजे. २८ आठवड्यांआधी किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज कागदावर ‘डोळे दाखवा’ असे न लिहिता तारीख आणि ठिकाण लिहावे.

कोणत्या व्यंगांत तास-दोन तासही महत्त्वाचे असतात?

तोंडातून सतत फेस येणारे आणि पाजताच ठसका लागून निळे पडणारे बाळ अन्ननलिका बंद असलेले असू शकते. त्याला काहीही पाजू नये, डोके उंच ठेवावे आणि लाळ वारंवार ओढून काढावी. पोटाच्या भिंतीतून आतडी बाहेर आलेली असतील तर ती निर्जंतुक स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन झाकावीत, आत ढकलू नयेत. पाठीवर उघडी गाठ असेल तर तिच्यावर सलाइनने भिजवलेली निर्जंतुक पट्टी ठेवून बाळाला पालथे किंवा कुशीवर न्यावे. पोट खोलगट आणि श्वासाचा त्रास असे एकत्र दिसले तर मध्यपटलातील, म्हणजे छाती व पोट यांमधील पडद्यातील, छिद्राची शंका घ्यावी. तेथे मास्कने हवा दिल्यास आतडी फुगून फुप्फुसे अधिक दाबली जातात. हिरवी उलटी झालेले बाळ दुसरे काही सिद्ध होईपर्यंत शस्त्रक्रियेचे बाळ समजावे.

१०२ किंवा १०८ ची गाडी बोलावण्यापूर्वी पुढील रुग्णालयाला फोन करावा. वाटेत बाळ थंड पडणे आणि साखर उतरणे या दोन गोष्टी व्यंगापेक्षा अधिक नुकसान करतात.

जननेंद्रियावरून मुलगा की मुलगी हे ठरत नसेल तर काय सांगावे?

आपल्या प्रसूती कक्षांत बाळ आईला दाखवून ‘काय झालं, तुम्हीच सांगा’ असे विचारण्याची पद्धत आहे. अशा बाळाच्या वेळी ती आवरावी. ‘बाळ ठीक आहे, काही तपासण्या झाल्यावर नक्की सांगू’ असे म्हणावे आणि अंदाजाने काहीही जाहीर करू नये. जन्माची नोंद करण्यास २१ दिवसांची मुदत असते, तोवर तपासण्या करून घेता येतात. यामागे एक वैद्यकीय घाईही आहे: अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील) ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात अशा बाळाच्या शरीरातील मीठ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धोकादायक पातळीपर्यंत घटते आणि उलट्या होऊन ते दगावू शकते.

ओठ दुभंगलेल्या बाळाला स्तनपान देता येते का?

फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बहुतेक बाळे अंगावर पितात. स्तनाचा भाग फटीवर बसेल अशा रीतीने धरावे लागते. टाळूही दुभंगलेली असेल तर तोंडात पोकळी निर्माण होत नाही, म्हणून ओढ लागत नाही. अशा वेळी आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला जवळजवळ बसते धरून, थोडे थोडे पाजावे आणि मध्ये मध्ये ढेकर काढावी. आजीला बोंडले वापरता येते, हे अशा वेळी मोठे बळ ठरते. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची ९ ते १८ महिन्यांत होते. तोवर वजन वाढवणे हाच उपचार आहे.

वाकडे पाऊल तेल-मालिशने सरळ होते का?

गर्भातील बसण्यामुळे वळलेले पाऊल हाताने सहज सरळ होते आणि आपोआप सुधारते. ताठर वाकडे पाऊल मालिशने सरळ होत नाही. त्यासाठी पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लॅस्टर बदलले जाते; बहुधा पाच-सहा प्लॅस्टर पुरतात, बऱ्याच बाळांत टाचेची शीर लहानशा छेदाने सैल करावी लागते. त्यानंतर जोडपट्टीचे बूट तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री घालायचे असतात. उपचार फसतो तो प्लॅस्टरमुळे नव्हे, तर पाय सरळ दिसू लागल्यावर बूट सोडून दिल्यामुळे.

डाऊन सिंड्रोमची शंका आली तर आईला लगेच सांगावे का?

शरीर सैल असणे, डोळ्यांची वरच्या बाजूला तिरपी ठेवण, तळहातावरची एकच आडवी रेघ, पायाच्या अंगठ्याशेजारची जास्त फट अशी चिन्हे एकत्र दिसली तर शंका घ्यावी. एकच चिन्ह निरोगी बाळातही असते. निश्चिती गुणसूत्रांच्या तपासणीनेच होते. अशा बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो, म्हणून इकोकार्डिओग्राफी थांबवू नये. शंका सांगायची ती डॉक्टरांनी, आईवडील दोघे एकत्र असताना, खाजगीत आणि बाळ आईच्या मांडीवर असताना सांगावी. वॉर्डात खाटेपाशी उभे राहून दोन परिचारिकांनी आपापसात कुजबुजणे, हा बातमी देण्याचा सर्वांत वाईट प्रकार आहे आणि दुर्दैवाने तोच सर्वांत जास्त घडतो.

‘ग्रहणात हिने भाजी चिरली म्हणून असे झाले’ असे सासूबाई म्हणाल्या तर काय उत्तर द्यावे?

वाद घालू नये, पण गप्पही राहू नये. ‘मावशी, ओठाचे दोन भाग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळायचे असतात, ते कधी कधी जुळत नाहीत. सुनेच्या हातून काही चुकलेले नाही, आणि हे शस्त्रक्रियेने दुरुस्त होते’ असे सुनेच्या देखत सांगावे. दोष कोणाचा हा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला नाही, तर पुढच्या तपासणीला बाळ घेऊन येणारी व्यक्तीच एकटी पडते.

सोनोग्राफी तर व्यवस्थित होती, मग हे कसे राहून गेले?

१८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत अनेक मोठी व्यंगे दिसतात, पण सगळी नाहीत. केवळ टाळूची फट, गुदद्वाराचा अभाव, लहान हृदयदोष आणि श्रवणदोष यांचा तिच्यात बहुधा पत्ता लागत नाही. गर्भातील अहवाल स्वच्छ असला तरी जन्मानंतरची तपासणी तितक्याच काळजीने करावी लागते.

पुढे पाठवायचे कोठे आणि खर्च कोण करते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील संदर्भाचे ठिकाण म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. ते बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असते. बालरोगतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ यांची सेवा तेथे एका छताखाली मिळावी, अशी रचना आहे. आजारी अर्भकाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंत सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि वाहतूक मिळते. महाराष्ट्रात अनेक जन्मजात व्यंगांच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही होतात. शिधापत्रिका व आधार यांची जुळवाजुळव घरी जाण्याआधीच समजावून सांगावी.

संदर्भचिठ्ठीत व्यंगाचे वर्णन, वजन, आईचा रक्तगट, दिलेले उपचार आणि कुटुंबाचा चालू असलेला फोन क्रमांक असावा. हीच नोंद माता व बाल संरक्षण कार्डावरही करावी, कारण चिठ्ठी हरवते, कार्ड लसीकरणासाठी जपले जाते. बाळाचे छायाचित्र काढायचे असेल तर आईवडिलांची लेखी संमती घ्यावी आणि ते कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.

पुढच्या गरोदरपणात हे टाळता येईल का?

काही व्यंगे टाळता येतात. मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे पुरते लक्षात येईपर्यंत तिचे काम झालेले असते. म्हणून फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावे लागते. आधीच्या बाळात हा दोष असेल तर मात्रा कितीतरी मोठी असते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाल्यास मोतीबिंदू, हृदयदोष आणि बहिरेपणा एकाच बाळात येऊ शकतात. त्याचे लसीकरण गर्भधारणेपूर्वीच करावे. मधुमेह आणि फिट्सच्या गोळ्या असतील तर गर्भधारणेचा विचार करतानाच सल्ला घ्यावा, गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

बाळ मृत जन्मले असेल तरीही तपासणी करावी का?

करावी. डोके, तोंड, पाठ, पोट, हातपाय आणि नाळ त्याच क्रमाने पाहून नोंद करावी. मृत जन्माचे कारण कळण्याची आणि पुढच्या गरोदरपणाची आखणी करण्याची ती बहुधा एकमेव संधी असते. तपासणी झाल्यावर बाळाला स्वच्छ कपड्यात नीट गुंडाळावे आणि आईला पाहायचे आहे का, असे तिला विचारावे. तिच्या वतीने नातेवाइकांनी दिलेला नकार पुरेसा मानू नये.